पोचा पडलेल्या डब्यातला चहा

माझ्या धाकट्या बहिणीस,

थोरलीचा आशीर्वाद. मागच्या पत्रात होता तेवढाच आहे, कमी केलेला नाही. तुझे गुडघे कसे आहेत? माझे आहेत तिथेच आहेत, फक्त मला सोबत न्यायचं म्हटलं की कुरकुरतात. तुझी सून हे पत्र तुला वाचून दाखवत असेल, तिला सांग की गाळून वाचायचं नाही. मागच्या पत्रात तुझ्या हट्टीपणाबद्दल दोन वाक्यं होती, ती तिने गाळली हे मला तुझ्या गोड उत्तरावरूनच कळलं. तू पाठवलेला चहा मिळाला. चांगला आहे. (चांगला म्हणजे पुडी न फुटता पोचली.) रोज तुझी आठवण काढून घेते.

पत्र नेहमीप्रमाणे नात लिहून घेते आहे. आज बसवतानाच मी तिच्याकडून कबूल करून घेतलंय की मी बोलेन ते जसंच्या तसं लिहायचं, मध्ये तोंड घालायचं नाही आणि मी 'झालं' म्हणेपर्यंत पेन खाली ठेवायचं नाही. ती हसली आणि हो म्हणाली. (हसलीस, तेही लिही.) आज रविवार, दुपारचे तीन वाजलेत. उद्या सकाळी आठ वाजता तिच्या कारखान्यातलं चहा मिसळायचं पिंप फिरायला लागेल. तेव्हा हे पत्र आजच पुरं व्हायला हवं. तुला ते चार दिवसांनी मिळालं तरी चालेल.

तुला माहीतच आहे, नात चहाच्या कारखान्यात मिश्रणं करायला लागली. वेगवेगळ्या मळ्यांची पत्ती एकत्र करून नवा चहा बनवायचा, हे काम. सहा महिने परीक्षेचे, मग पक्की नोकरी नाहीतर घरी. आणि काम काय दिलं, तर फळांच्या वासाचे चहा. हे सहा महिने मी काय काय प्यायले ते एका देवाला माहीत आणि एका मोरीला. लिचीचा चहा प्यायला की आंघोळ झाल्यासारखं वाटायचं, इतका तो साबणासारखा. फणसाचा केला तेव्हा समोरच्या बिऱ्हाडातली बाई विचारायला आली की तुमच्याकडे काही सडलंय का. नारळाचा चहा मी केसांना लावून पाहिला, तिथे बरा होता. पेरूचा छान जमला होता, पण तो गार झाला की वास जायचा आणि आमच्या पोरीला प्रत्येक घोट फुंकून प्यायची सवय, तेव्हा तो तिला कधी भेटलाच नाही.

शेवटी ठरलं आंबा आणि अननस, दोन्ही एकत्र. आता आंबा किती आणि अननस किती, पत्ती कुठली आणि किती, यावर तिने चार प्रकार केले. एक, दोन, तीन, चार. चौघांची मापं तिच्या वहीत. चहा चार सारख्या डब्यांत. कारखान्यात हवेलाच चहाचा वास असतो, तिथे नाकाला काही कळत नाही म्हणून डबे घरी आणले आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर ओळीने ठेवले, दाराकडे एक, खिडकीकडे चार. आकड्यांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या झाकणांवर. मला बजावलं, 'आजी, सगळं प्यायला देईन, पण डब्यांना हात लावायचा नाही.' मी म्हटलं, मला कशाला हवेत तुझे डबे.

गुरुवारी दुपारी मी हात लावला.

(पेन थांबलंय. चालव. कबूल केलं आहेस.)

धाकटे, तू मला ओळखतेस. घरात चार झाकलेल्या वस्तू आहेत आणि मी एकटी आहे, तर त्या झाकलेल्या राहतील का? मी चारही डबे टेबलावर घेतले, चारही झाकणं काढली आणि आळीपाळीने हुंगत बसले. खिडकीकडचा डबा मला पहिल्यापासून आवडलेला. त्याला खालच्या बाजूला पोचा आहे, अंगठा बसेल एवढा. बाजारातून रिकामा विकत आणताना जिन्यात पडला होता, माझ्याच हातून. इतक्यात बेल वाजली. नळवाला. दोन महिने बोलावत होतो, तो नेमका तेव्हा. नात कधीही जेवायला यायची वेळ, टेबलावर उघडे डबे, दारात नळवाला. मी भराभरा झाकणं लावली. डबे आपापल्या जागी ठेवले, त्यात माझी चूक नाही. पण झाकणांचा ढीग झाला होता. चारही झाकणं एका मापाची, आणि त्यावरचे आकडे म्हणजे मला मुंग्यांची रांग. बसचा नंबर मी कंडक्टरला विचारते, तिथे झाकणाचा कोण सांगणार? जे हाताला आलं ते ज्याला बसलं त्याला बसवलं.

संध्याकाळी नातीने फळीकडे पाहिलं आणि विचारलं, 'आजी, डबे हलवलेस का गं?' मी म्हटलं, 'धूळ पुसली.' तिने आकडे बघून डबे पुन्हा ओळीने लावले आणि म्हणाली, 'बरं.' एवढंच. तिने रागावायला हवं होतं, मग मी सगळं सांगितलं असतं. ती रागावली नाही, हा दोष तिचाच.

तुला वाटेल, पोरगी चहाची जाणकार, वासावरून नाही का ओळखलं? तर शुक्रवारी उठली ती चोंदलेल्या नाकाने. मी वाफ दिली, ओवा हुंगवला, काही नाही. चहा चाखणाऱ्याला सर्दी म्हणजे गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी. आणि शनिवारी मोठ्या साहेबांची चाखणी. तिने कारखान्यात कोणाला सर्दीचं कळू दिलं नाही, आणि मी कोणाला झाकणांचं कळू दिलं नाही. एका घरातल्या दोन बायका, दोघी गप्प.

त्या कारखान्यात एक पद्धत आहे. नवा चहा शेवटचा चाखताना ज्याने केला त्याने घरचं एक माणूस आणायचं, चहातलं काही न शिकलेलं. साहेब म्हणतात, चहा शेवटी अशाच माणसांना प्यायचा आहे. न शिकलेलं माणूस म्हटल्यावर आमच्या घरात निवडीला वावच नव्हता. मी गेले.

पांढरी खोली, लांब टेबल, बिनकानाचे पांढरे पेले, तराजू, आणि शेजारी हातभर उंच पिकदाणी. चार डबे मागे, प्रत्येकापुढे पेला. मोठे साहेब म्हणजे शिडशिडीत, चष्मा कपाळावर, आणि चमच्यातला चहा असा ओढतात की शेजारच्या खोलीत कोणी फडकं फाडतंय असं वाटावं. मी मनात त्यांचं नाव भुरका साहेब ठेवलं. भुरका मारायचा, तोंडात फिरवायचा, पिकदाणीत टाकायचा. मला म्हणाले, 'आजी, तुम्हीही थुंका, संकोच करू नका.' मी म्हटलं, 'कोणी प्रेमाने दिलेलं मी थुंकत नाही.' गिळला.

नातीचे हात पाहिले मी. पदराच्या टोकाशी खेळत होते. साहेबांनी पहिला पेला चाखला, 'ठीक.' दुसऱ्यापाशी आले. भुरका मारला आणि थांबले. परत भुरका. तिसऱ्यांदा. मग त्यांनी तो चहा गिळला. खोलीत चारपाच माणसं होती, सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. नंतर मला कळलं की गेल्या वीस वर्षांत त्या टेबलावर साहेबांनी काही गिळलेलं नाही.

झाकण उचलून त्यांनी वाचलं, 'नंबर दोन.' आणि मी त्या पेल्यामागचा डबा पाहिला. खाली पोचा. अंगठा बसेल एवढा.

ज्यांना वाचता येतं ती माणसं डब्याकडे बघत नाहीत, धाकटे. सगळी खोली झाकण वाचत होती. मी एकटी डबा बघत होते. पोचेवाला डबा खिडकीकडचा, म्हणजे चार नंबर, हे पोरीने मला वीस वेळा सांगितलेलं. आणि खरा दोन नंबर मी घरी प्यायले आहे. त्यात आंबा इतका आहे की तो खोकल्याच्या औषधासारखा लागतो. 'आजपासून तू पक्की,' साहेब नातीला म्हणाले. 'वहीतलं दोन नंबरचं माप खाली पाठव. सोमवारी आठला पिंप लावा. चारशे किलो.' पोरीने माझ्याकडे पाहिलं. सर्दीने नाक लाल, डोळ्यांत पाणी, आणि त्या पाण्यातलं सगळंच सर्दीचं नव्हतं. मी तिथेच बोलायला हवं होतं. माझ्या तोंडात चहा होता, असं म्हण. गिळून झाला तरी बराच वेळ तोंडात होता.

काल घरी आल्यावर मी तीनदा सांगायला गेले. पहिल्यांदा ती मैत्रिणीला फोनवर बातमी देत होती. दुसऱ्यांदा तिने मला मिठी मारली, आणि मिठीत असं काही बोलता येत नाही. तिसऱ्यांदा ती झोपली होती, सहा महिन्यांत पहिल्यांदा भर दुपारी, तोंड उघडं ठेवून. आज सकाळपासून मी नुसती भांडी घासते आहे, घासलेलीच. तोंडावर सांगायचं धैर्य मला नाही. म्हणून तुला पत्र. मला लिहिता येत नाही, हे पहिल्यांदाच माझ्या उपयोगी पडलं.

तर पोरी, उद्या आठला जे पिंप फिरणार आहे त्यात चारशे किलो खोकल्याचं औषध तयार होईल, त्याच्यावर तुझं नाव असेल, आणि पाप माझं असेल. साहेबांना फोन कर. झालं.

तुझी थोरली.

ता. क. आज सोमवार, संध्याकाळ. 'झालं' हा शब्द लिहून नात उठली आणि आतल्या खोलीत गेली. दार लावलं नाही, लोटलं. फोनवर तिने साहेबांना सगळं सांगितलं, सर्दीसकट. माझं नाव घ्यायला तिला मी सांगितलं होतं, तिने फक्त 'घरात झाकणं बदलली गेली' एवढंच म्हटलं. जणू काही वाऱ्याने. साहेबांनी पिंप थांबवलं. आज सकाळी चार नंबरच्या मापाने नवा चहा केला. साहेबांनी भुरका मारला आणि पिकदाणीत टाकला. म्हणाले, 'हा तो नाही. त्याची बहीण आहे, पण तो नाही.' शनिवारचा डबा चाखणीतच रिकामा झालेला. साहेब तिला म्हणाले, 'पिंप पुढच्या सोमवारपर्यंत थांबेल, तुझी पक्की नोकरीही तोपर्यंत थांबेल, त्यानंतर मी थांबणार नाही.' पोरगी वही उघडून बसली होती, मापं पुन्हा पुन्हा मोजत होती. सगळी बरोबर येतात. काल पत्र टाकायचं राहिलं ते बरंच झालं. मी तिला म्हटलं, वही मीट, आणखी थोडं लिहायचं आहे.

दुसरा ता. क. (पोरी, कबूल केलेलं अजून चालू आहे.) गुरुवारी मी नुसतं हुंगलं नव्हतं. पोचेवाल्या डब्यातला चहा मी करून प्यायले. एकदा. मग एकदा खात्री करायला. नंतर नळवाल्याला दिला, त्यालाही आवडला. डबा अर्धा झाला. चोरी उघडी पडू नये म्हणून नळवाला गेल्यावर, जेवढे चमचे काढले होते तेवढेच, पाच, दुसऱ्या चहाचे घातले आणि डबा हलवून ठेवला. पाच काढले, पाच उरले होते, पाच घातले. मोजायला मला येतं, फक्त लिहायला येत नाही. तो दुसरा चहा तुझा होता. तू पाठवलेल्या पुडीतला. भुरका साहेबांनी वीस वर्षांत पहिल्यांदा जो घोट गिळला त्यात अर्धी तू होतीस.

तेव्हा आता मुद्द्याचं. ती पुडी कुठल्या दुकानातली, कुठली पत्ती, तुझ्या सुनेला आजच्या आज विचारायला पाठव आणि दोन किलो लगेच धाड. फोन केला असता, पण तू तो टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवतेस. म्हणून हे पत्र टपालात न टाकता नात उद्या पहाटेच्या बसने स्वतः घेऊन येईल. तिला उपाशी पाठवू नकोस. पुडीतला एक चमचाही माझ्याकडे उरलेला नाही. रोज आठवण काढून घेते असं वर म्हटलं आहे, ते आठवण काढण्यापुरतं खरं आहे. उरलेला चहा मी शुक्रवारी तुळशीशेजारच्या कुंडीत टाकला. त्या कुंडीला आज कळी आली आहे, हे तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाही.

तिसरा ता. क. एवढं लिहून नात उठून स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, आता डबे आपटायचा आवाज येईल. पेले काढल्याचा आला. एक, आणि थोड्या वेळाने दुसरा. ही ओळ तिने परत येऊन, दोन्ही पेले टेबलावर ठेवून लिहिली आहे.