बॉयलर विझल्यानंतर

प्रिय मिरचे,

आई गेली तेव्हा तू रोज नदीपलीकडून यायचीस, पण आपण बोललो ते फक्त चहाचं आणि दवाखान्याच्या कागदांचं. अणुभट्टीच्या जनसुनावणीत तू विरोधात उभी राहिलीस, मी कंपनीच्या बाकावर बसलो, तेव्हापासून आपल्यात तेवढंच उरलंय.

कोळशाचं वीजकेंद्र बंद झालं. शेवटचा बॉयलर मीच विझवला. जन्मभर त्याच्या घरघरीत काम केलं, वाटलं होतं रडू येईल. काहीच वाटलं नाही. हात धुतले, घरी आलो. आता दोरीवरचे कपडे पांढरेच्या पांढरे राहतात. आई असती तर तरीही दहादा झटकले असते तिने. केंद्राच्या चिमणीची ती राख तिच्या छातीत जाऊन बसली ती बसलीच.

त्याच जागेवर छोटी अणुभट्टी उभी राहतेय. तारा जुन्याच, पाणी नदीचंच. ऊन मावळलं, वारा पडला की सौर आणि पवनचक्क्यांची वीज थांबणार, मग सगळा भार तिच्यावरच. मी प्रशिक्षणाला जातो. नकली कंट्रोल रूममध्ये माझ्या निम्म्या वयाची पोरं मला काका म्हणतात आणि माझ्या आधी उत्तरं देतात. पंप बंद पडले तरी भट्टीचा गाभा आपोआप थंड होतो, हे गणित मी स्वतः करून पाहिलं. पटलं. वापरलेलं इंधन शेवटी कुठे ठेवणार, हा तुझा प्रश्नही विचारला. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "सध्या इथेच, आवारात. पुढचं ठरलेलं नाही." निदान खरं बोलल्या.

परवा सरावात मुद्दाम बिघाड केला. लाल दिवे, भोंगा. शेजारची मुलगी सूचनांची वही उलटसुलट चाळत राहिली. मी सगळं बरोबर केलं. "काका, अगदी बर्फासारखे शांत आहात!" बाई म्हणाल्या. मला मात्र जेवण गेलं नाही. मी शांत नव्हतो गं, मला काही वाटतच नव्हतं. आई गेल्यापासून असंच आहे. बाईंना ते सांगून टाकलं. त्यांनी डॉक्टरांकडे पाठवलंय. ते हो म्हणेपर्यंत खऱ्या बटणाला माझा हात लागणार नाही.

आता मुद्द्याचं. भट्टीच्या देखरेख समितीवर गावाचं एक माणूस हवंय, कधीही आत येऊन काहीही विचारणारं. लोकांनी तुझं नाव सुचवलं आणि तू नाही म्हणालीस, तेही माझ्यामुळे, असं कळलं. ये. विरोध घरी ठेवून नको, घेऊनच ये. ज्याला भीती वाटते असं कुणीतरी तिथे हवंच, आणि माझी भीती सध्या जागेवर नाही.

तुझाच,
दादा