मादी वेलीचे परागकोश

मॅडम, तुम्ही जाऊन सात वर्षं झाली, तरी आज दिवसभर तुमचाच आवाज कानात आहे. मी न्यूझीलंडला असतो, हेन्डरसनच्या पुढे एका किवीच्या बागेत कामाला. किवीच्या नर वेली वेगळ्या, मादी वेगळ्या. नराच्या कळ्या उमलायच्या आत तोडायच्या, पराग काढून वाळवायचे आणि मादीच्या फुलांवर फवारायचे. मी सकाळभर बादली भरली ती चुकीच्या रांगेतून. आमची मुकादम, माओरी बाई, आत बघून म्हणाली, "ब्रो, या सगळ्या पोरी आहेत." माझं डोकं फिरलं. कळी फाडून तिच्यापुढे धरली. हे पुंकेसर, हे परागकोश, बॉटनी शिकलोय मी. ती हसली. "दिसायला हीप्स आहेत रे, ढीगभर. पण पराग पोकळ. काही रुजत नाही त्यांतून."

अकरावीचं प्रॅक्टिकल आठवलं. धोत्र्याचा परागकोश बटाट्याच्या फाकीत धरून ब्लेडने पातळ चकत्या काढायच्या. माझ्या जाडच येतात, मी ब्लेड आपटतो. "राग ब्लेडवर काढू नकोस राजा, बोट जाईल," तुम्ही म्हणता, आणि स्वतःची स्लाइड माझ्या मायक्रोस्कोपखाली सरकवता. चार कप्पे, आतून पोसणारा एक थर. "हा पराग वाढवतो आणि स्वतः विरून जातो." तेव्हा मी हे फक्त पाठ केलं.

जिच्यामागे इथवर आलो ती इथल्याच अल्बनीच्या कॉलेजात शिकते. मीही तिथेच होतो, दुसऱ्या वर्षापर्यंत. ती म्हणाली, "आधी डिग्री घे, मग घरी बोलते." मला ती अट वाटली. त्याच आठवड्यात कॉलेज सोडलं, तिला दाखवून द्यायला. काय दाखवलं, देव जाणे. आता ती भांडतसुद्धा नाही. सोमवारी फोनवर एवढंच म्हणाली, "परत ॲडमिशन घेणार का, शुक्रवारपर्यंत सांग. नाहीतर आईबाबांनी बघितलेल्या मुलाला मी हो म्हणते." मला हो म्हणायचं होतं, मॅडम. तोंड उघडलं आणि "मग म्हण जा" निघालं.

आज शुक्रवार. संध्याकाळचे सहा वाजलेत. हा कागद खरं तर तिच्यासाठी घेतला होता. तिचं नाव लिहवेना, म्हणून तुम्हाला लिहिलं. तुम्हाला शुक्रवारपर्यंत उत्तर द्यावं लागत नाही.