बारा फूट

इतवारा, बुऱ्हाणपूर
१४ एप्रिल २०२५

चि. पूर्णिमास,
अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे ठीक. ऊन चाळिशीच्या पुढे गेलंय, संध्याकाळ झाल्याशिवाय कोणी दाराबाहेर तोंड काढत नाही. तुझ्या आईचे गुडघे कुरकुरतात, पण तोंड व्यवस्थित चालू आहे, त्यामुळे घरही चालू आहे. विपुल उद्या पुण्याला येतोय, हे पत्र त्याच्या हाती देतो. दीड वर्ष झालं, तू भावाचा फोन उचलतेस, माझा नाही. तक्रार करत नाही, कागद का काढला ते सांगतोय.

तीस तारखेला आखाजीच्या सणाला तू तुझी गाडी न्यायला येणार हे विपुलकडून कळलं. तेव्हापासून तुझ्या आईला सांजोऱ्यांशिवाय दुसरं काही सुचत नाही. मे महिन्यात कोइमतूरच्या ट्रॅकवर ती गाडी पळवायची आहे, आणि नीट पळाली तर तुझ्या पुण्याच्या वर्कशॉपमधलं इंजिनांचं सगळं काम मालक तुझ्या हाती देणार, हेही त्यानंच सांगितलं. ऐकून छाती फुगली.

गाडी बाहेरून छान आहे. कव्हर दर रविवारी झटकतो, टायरची हवा बघतो. जाताना तू शेडच्या दाराला चिकटवलेला कागद अजून तिथंच आहे. वर लिहिलंय, ‘इंजिन टिकवायचं असेल तर’. पहिलं, दर वेळी तेल बघा, हे इंजिन तेल पितं. बघितलं. दुसरं, पेट्रोलमध्ये मापानं तेल मिसळा. ज्यानं वीस वर्षं लूना चालवली त्याला हे शिकवावं लागत नाही. मिसळलं.

इथवर लिहून मी चहा प्यायला उठलो. तुझी आई म्हणाली, “लिवलं का खरं? का अजून टायरच पुसू राहिले?”

तर ऐक. इंजिन गेलं.

समोरच्या सुकलालचे केळीचे कॅरेट सकाळी आपल्या शेडच्या सावलीत भरतात. त्याचा पिकअप आत यावा म्हणून मी गाडी बारा फूट बाहेर काढायचो आणि दहा वाजता बारा फूट आत घ्यायचो. चावी फिरवली, सरकवली, बंद. एक मिनिटसुद्धा नाही. वर मनात समाधान, की मशीन रोज फिरतंय. कागदाच्या मिलमध्ये बत्तीस वर्षं मी हेच केलं. राखीव पंप उभा असला तरी रोज हातानं दोन फेरे फिरवायचा, म्हणजे जाम होत नाही. त्याच हिशेबानं तुझी गाडी जपत होतो. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

मार्चच्या वीस तारखेला ती सुरूच होईना. इंदूरहून मिस्त्री आणला. त्यानं दाब मोजला, आणि बोनेटवर हात ठेवून म्हणाला, “चाचा, इसको किसी ने प्यार से मारा है.” पिस्टनची गाडी असती तर सोसलं असतं, म्हणाला. यात तो तिकोनी रोटर फिरतो, त्याच्या टोकांच्या पट्ट्या तेलाच्या थरावर सरकतात. थंड इंजिन पेट्रोल जास्त ओढतं. लगेच बंद केलं की ते आतच राहतं, तेल धुऊन काढतं, काजळी धरते, पट्ट्या अडकतात. एका रोटरचा दाब जवळजवळ संपलाय. दिवसातून दोनदा, दीड वर्ष. हजार वेळा तरी झालं असेल.

मला हे माहीत नव्हतं, असं लिहून पत्र इथंच संपवता आलं असतं. पण तुझ्या कागदावर तिसरं आणि चौथंही होतं. तापमानाचा काटा मध्यावर आल्याशिवाय बंद करू नका. आणि गरम झाली की आठवड्यातून एकदा तरी रस्त्यावर नेऊन, फेरे टोकाला जाऊन बझर वाजेपर्यंत दामटा, हे इंजिन हळू चालवून मरतं. मला वाचता येतं, पूर्णिमा. मी वाचलं होतं.

पहिल्याच महिन्यात एकदा नेली होती. शनवारा गेटच्या पुढे जरा दाबली आणि तिनं असा आवाज काढला की चहाच्या टपरीवरचे सगळे उभे राहिले. परत येताना एकानं थांबवून विचारलं, कोणाची गाडी? मी म्हणालो, इंदूरच्या एका पार्टीची आहे, सांभाळायला दिलीय. त्यानंतर जो कोणी विचारेल त्याला तेच सांगितलं, आणि गाडी पुन्हा रस्त्यावर नेली नाही. दिवसभर पॉवरलूमचा खडखडाट ऐकणाऱ्या गल्लीत मी एका गाडीच्या आवाजाला भ्यालो. तू बँकेची नोकरी सोडून ग्रीसमध्ये हात घातलेस तेव्हा मी जे बोललो होतो, “चार लोकांत आवाज नको,” तेच गाडीलाही लावलं.

आणि ती बंद पडली तेव्हा विपुललाही बोललो नाही. मिस्त्री गेल्यावर एवढे दिवस गप्प बसलो. तेवढ्यात तू इंजिन उतरवून परत बांधलं असतंस. ते पंचवीस दिवस तुझे होते, मी खाल्ले. याची लाज गाडीपेक्षा जास्त वाटते.

इंजिन उघडलेलं नाही. हात शिवशिवतात, पण तू दोन वर्षं त्या शेडमध्ये बसून ते जोडलंस, उघडायचं तूच. आखाजीची वाट बघू नकोस. जमलं तर विपुलसोबतच ये, नाहीतर ट्रक पाठव. मालकांना आजच खरं सांग आणि त्यात माझं नाव घे. कोइमतूर हुकलं तर ते माझ्यामुळे हुकलं, तुझ्या कामामुळे नाही.

काल सकाळीही गाडी ढकलूनच बाहेर काढावी लागली. सुकलाल आणि त्याचे दोन हमाल हात लावायला आले. एक हमाल नवा होता, त्यानं विचारलं, कोणाची आहे? मी म्हणालो, “माझ्या पूर्णिमाची. तिनं जोडली, मी बिघडवली.”

सुकलाल कॅरेट उचलता उचलता म्हणाला, “काका, ते तर पूरी गल्लीले मालूम हाये. पोरगी दोन साल इथं खटखट करे, आमी काय बहिरे व्हतो का? इंदूरवाली पार्टी तुमी सांगत व्हते, आमी आपलं हो म्हनत व्हतो.”

म्हणजे लपलं कोणापासूनच नव्हतं. सगळे मला सांभाळून घेत होते, आणि मी तुझं इंजिन मारत होतो.

माफ कर, हे म्हणायचा हक्क आहे का ते माहीत नाही. तरी म्हणतो. माफ कर.

कोणी विचारलं तर यापुढे सांगेन तसंच खाली लिहितो,

पूर्णिमाचा बाप,
दिगंबर