माझी अभेद्य तिजोरी

१ मार्च
काल माझ्या ईमेलवरून, माझ्या नावाने अख्ख्या रुसे शहराला गॉगलच्या जाहिराती गेल्या. मेव्हणीने दोन घेतलेसुद्धा. चोराने पासवर्ड ओळखला म्हणे. 'मेतोदी१', माझंच नाव. सगळीकडे तोच होता, लक्षात राहायला सोपा.
जिन्यात वरच्या मजल्यावरचा गेनादी भेटला. म्हणाला, गॉगल लावून फिर, कुणी ओळखणार नाही. मी हसलो नाही.
ट्रॉलीबसमध्ये तिकिटं तपासण्यात जन्म गेला माझा. मला कोण फसवणार? आजच पासवर्ड मॅनेजर घेतला, म्हणजे सगळे पासवर्ड कुलपात ठेवणारी तिजोरीच.

३ मार्च, सुट्टी
कुटुंबप्रमुख या नात्याने बायकोचे, रायनाचेही सगळे पासवर्ड बदलून तिजोरीत टाकले. एकेक असा लांबलचक की वाचताही येऊ नये. बायको म्हणाली, माझं मला राहू दे, पोरीचे दिवस भरत आलेत, फोटो यायचेत. म्हटलं, लागेल तेव्हा मी उघडून देईन. तिला सुरक्षेतलं कळत नाही.
तिजोरीची किल्ली म्हणजे एकच मुख्य पासवर्ड. चार शब्द, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले. राकिया दारूच्या तिसऱ्या पेल्याला सुचले. अप्रतिम.

त्याच संध्याकाळी
अ‍ॅपने आपत्कालीन किल्ली छापून ठेवायला सांगितली. छापली. मग वाटलं, घरात असा कागद म्हणजे चोराला आमंत्रणच. फाडून शेगडीत घातला. गेनादीने तर पासवर्ड फ्रिजवर चिकटवलाय. कीव येते.

९ मार्च
फोन बिघडला. दुकानदाराने सगळं पुसून परत दिला. तिजोरी मुख्य पासवर्ड मागते. गाढव, शिडी, डॅन्यूब... चौथा अगदी जिभेवर आहे.

१० मार्च
'भोपळा' नाही. 'लोणचं' नाही. 'गेनादी'ही नाही. कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, तुमची तिजोरी आम्हालाही उघडता येत नाही. याला म्हणतात दर्जा! रायनाला सांगितलं नाही. उगाच घाबरेल.

१२ मार्च
रायनाला कळलं. म्हणाली, प्यायल्यावर सुचलं ना, मग पिऊन आठव. सूचना शास्त्रीय होती. प्रयोग केला. आता पहिले तीनही आठवत नाहीत.

१४ मार्च
सकाळी कालिनाचा रॉटरडॅमहून फोन. मुलगी झाली! म्हणाली, बाबा, फोटो पाठवलेत, बघा ना, नाक तुमचंच आहे. बघू कुठे? आमची सगळी खाती तिजोरीत अडकलेली.
तेवढ्यात वरून गेनादीची आरोळी: मेतोदी, अरे, नात काय गोड आहे रे! आमचं उत्तर येईना म्हणून पोरीने त्यालाही पाठवले होते. शेजारपाजाऱ्यांचं पाहून झालं होतं.
तसाच अनवाणी वर गेलो. त्याच्या फ्रिजला टेकून पाहिली. नाक खरंच माझं. गेनादीने चष्मा पुसायला रुमाल दिला फक्त. त्याने टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

१६ मार्च
रायनाने नवी खाती उघडली, नवी तिजोरी केली. कॉफी गार व्हायच्या आत. मुख्य पासवर्ड विचारला, तर म्हणाली, तुला कशाला? हरकत नाही. रोजचा कारभार तिच्याकडे, धोरण माझं.
अ‍ॅपमध्ये आमच्या कुटुंबाचे दोन गट दिसतात. 'मोठी माणसं': रायना, कालिना. 'मुलं': मी.