ही सही माझी नाही

रामवाडी, पेण
२ जुलै १९९८

ती. दादास,
सगुणाचा नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. खुशालीचं एवढंच, कारण आज मी रागात लिहितेय.

काल सिमेंट कंपनीकडून माझ्या नावाचं पत्र आलं. इंग्रजीत होतं, म्हणून शेजारच्या निकेशकडून वाचून घेतलं. तो बँकेत क्लार्क आहे. लिहिलंय, की तुमचे तीनशे शेअर विकल्याचे कागद आमच्याकडे आले, पण त्यांवरची सही तुमच्या मूळ सहीशी जुळत नाही, म्हणून व्यवहार अडवून धरलाय. पंधरा दिवसांत खुलासा करा. सोबत त्या सहीची झेरॉक्स आहे. सुंदर, गोल अक्षर. माझं अक्षर इतकं सुंदर कधी होतं दादा?

हे शेअर बाबांनी मला लग्नात चार तोळ्यांच्या जागी दिले. सासरी तेव्हा सगळे हसले होते. तुझं शेअरचंच ऑफिस, म्हणून विश्वासाने तुझ्याकडे ठेवले. जोह्याच्या ज्या कारखान्यात मी अकरा वर्षं गणपतींचे डोळे आखतेय, त्याच्या मालकीण गिरजाबाई गणपतीनंतर शेड सोडणार आहेत आणि मला देणार आहेत. त्यासाठीच हे शेअर विकायचे होते. शिमग्याला तुला सांगितलं, तू मान डोलावलीस. आणि हे?

आणखी एक. दोन वर्षं तू महिन्याला सहाशे रुपये डिव्हिडंड म्हणून पाठवतोस. निकेश म्हणाला, डिव्हिडंड वर्षातून एकदा येतो आणि तो कंपनी पाठवते, भाऊ नाही. मग ते पैसे कसले?

ह्यांना अजून सांगितलेलं नाही. परदेशातून स्वस्त पोलाद येतंय म्हणून डोलवीच्या पोलाद कारखान्यात ठेकेदाराने शिफ्ट कमी केल्यात, ते आधीच वैतागलेत. आठ दिवसांत उत्तर आलं नाही, तर मी रोह्याला येईन आणि घरी न येता तुझ्या ऑफिसच्या दारात उभी राहून बोलेन.

तुझी बहीण असलेली,
सगुणा

रोहा
६ जुलै १९९८

चि. सगुणा हिस आशीर्वाद.
तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. मोठ्या भावाला असं लिहितात का? असो. धंद्याची गोष्ट आहे, शांतपणे समजून घे.

शेअर नुसते कपाटात पडून काही कमवत नाहीत. बाजारात एक जुना तोंडी व्यवहार चालतो, तेजी-मंदीचा. समज, तुझा शेअर आज दोनशेचा आहे. कुणीतरी मला थोडी रक्कम देतो आणि म्हणतो, महिनाभरात मला वाटलं तर हा शेअर मी दोनशे वीसला घेईन, तू नाही म्हणायचं नाहीस. त्या रकमेला नजराणा म्हणतात. भाव वर गेला नाही तर तो शेअर मागत नाही आणि नजराणा आपला राहतो. ही तेजी विकणं. तुझे सहाशे त्यातूनच येत होते. दोन वर्षं घेतलेस, तेव्हा कुठून येतात ते विचारलं नाहीस.

मे महिन्यात आपण अणुस्फोट केले आणि अमेरिकेने निर्बंध घातले. कोणता माल जाणार, कोणता येणार, कुणालाच कळेना. सगळे घाबरले आणि घाबरलेला माणूस दुप्पट नजराणा देतो. तेव्हा मी मंदीही विकली. म्हणजे भाव कितीही पडला तरी ठरल्या भावाने तुमचे शेअर मी घेईन, असा शब्द दिला. भाव पडला. शब्द पाळावा लागला. माझ्याकडचं पुरलं नाही, म्हणून तुझे विकले. हे निर्बंध लागले नसते तर आज तू माझे गोडवे गायली असतीस.

आता एकच कर. कंपनीला लिही, की सही माझीच आहे, बोट भाजलं होतं म्हणून वेगळी आली. पैसे मी दोन वर्षांत देईन. नाहीतर प्रकरण पोलिसांत जाईल आणि बाबांच्या नावाला बट्टा लागेल. नाथरावांना काही सांगू नकोस, ते तापट आहेत.

मुलांना पापा.
पुंडलिक

रामवाडी
१० जुलै १९९८

दादा,
शिरसाष्टांग वगैरे आज राहू दे.

तू मला समजावतोस? मला समजलंय. आमच्याकडे माघी गणपतीनंतर गिऱ्हाईक येतं आणि बयाणा ठेवून सांगतं, की अडीच फुटी मूर्ती चारशेला माझ्यासाठी धरून ठेवा. पुढे भाव पाचशे झाला तरी त्याला चारशेलाच द्यायची. तो आलाच नाही तर बयाणा आमचा, मूर्तीही आमची. तुझी तेजी ती हीच. मला विचारलं असतंस तर मी हो म्हणाले असते. मूर्ती कपाटात असताना बयाणा घ्यायला कसली भीती?

पण तुझी मंदी म्हणजे, चतुर्थी उलटून गेल्यावर गावभरच्या न खपलेल्या मूर्ती मी ठरल्या भावाने घेईन, असं चार पैशांसाठी सांगत सुटणं. गिरजाबाई असलं कधी करायच्या नाहीत आणि त्या तिसरी शिकल्यात. वर स्वतःच्या मूर्ती पुरल्या नाहीत, तर बहिणीच्या उचलून द्यायच्या!

आणि मंदीच्या दुप्पट नजराण्यातलं मला काय आलं? मे महिन्यातही सहाशेच आले, जूनमध्येही सहाशेच. फायदा झाला तेव्हा तो धंदा तुझा होता. तोटा झाला तेव्हा शेअर माझे झाले. अमेरिकेने निर्बंध घातले असतील. माझ्या नावाची सही करायला अमेरिका रोह्याला आली नव्हती.

बाबांचं नाव मध्ये आणू नकोस. मी खोटं लिहिणार नाही. सोमवारी कंपनीला कळवते आणि पेणच्या ठाण्यात तक्रारही देते. ह्यांना सगळं सांगितलं. ते तापले नाहीत. एवढंच विचारलं, की दादांनी मागितले असते तर तू दिले नसतेस का? त्यावर मला रडू आलं. ते तुझ्यासाठी नव्हतं.

सगुणा

रोहा
१२ जुलै १९९८

सौ. सगुणावन्संस,
रंभेचा नमस्कार. हे पत्र पोस्टाने पाठवत नाही, शेजारच्या सुरभीच्या हाती पाठवतेय. ती पेणला मावशीकडे निघालीय.

तुमची सगळी पत्रं मी वाचली. ते कपाटात ठेवतात, किल्ली माझ्याकडेच असते. ठाण्यात जाण्याआधी एक ऐका. ती सही त्यांची नाही. ती माझी आहे.

ते म्हणाले, बाईचं अक्षर हवं, पुरुषाचं लगेच ओळखू येतं. मी नाही म्हटलं. मग म्हणाले, सगुणाला सांगितलंय, तिला रोह्याला यायला सवड नाही, तिनेच सही करायला सांगितलंय. मला ते खरं वाटलं का? वन्सं, खरं सांगते, नाही वाटलं. तरी मी पेन हातात घेतलं. चहा उकळत होता, तो उतू जाईल याची मला जास्त काळजी. पाच कागदांवर सह्या केल्या आणि गॅस बंद करायला गेले. त्या दिवसापासून मला माझीच चीड येते. त्यांची तर येतेच.

माफ करा असं लिहीत नाही. ठाण्यात जायचं तर जा. कुणी विचारलं तर मी सांगेन, की सही मी केली आणि कुणी करायला लावली तेही सांगेन. तुम्ही सही स्वतःचीच म्हणून लिहावं यासाठी ते मला तुमच्याकडे रडायला पाठवणार आहेत. मी येणार नाही.

तुमचीच,
रंभा

रामवाडी
१५ जुलै १९९८

वहिनी,
तुझी चिठ्ठी मिळाली. तुझ्यावरही राग आहे, तो लपवत नाही. चहा उतू गेला असता तर गेला असता गो.

कंपनीला मी एकच ओळ लिहिली: ही सही माझी नाही. कुणाची आहे ते लिहिलं नाही. ठाण्यातही गेले नाही. निकेश सांगतो, की आता माझे शेअर परत फिरतील आणि घेणाऱ्याला दादाने बाजारातून तेवढेच दुसरे घेऊन द्यावे लागतील. त्याला सांग, महिनाभरात माझे कागद पेणला आले नाहीत, तर मी ठाण्याची पायरी चढेन. आणि तेव्हा तुझं नाव मी घेतलं नाही तरी झेरॉक्स घेईल, हेही त्याला सांग. बायकोला पुढे करून तो किती दिवस मागे उभा राहतो ते मला बघायचंय.

तुला काही लागलं तर इथे ये. विचारत बसू नकोस.

सगुणा

रोहा
३ ऑगस्ट १९९८

चि. सगुणा,
तुझे तीनशे शेअर रजिस्टर पोस्टाने पाठवले आहेत. घेणाऱ्याला बाजारातून तेवढे दुसरे घेऊन देण्यासाठी मी ऑफिसचा गाळा सोडला आणि स्कूटर विकली. एसटी स्टँडवर लोक विचारतात, पुंडलिकशेठ, आज पायी? तुझं समाधान झालं असेल.

तुझी वहिनी काल सकाळी पिशवी घेऊन पेणच्या गाडीत बसली, असं कंडक्टरकडून कळलं. मला सांगून गेली नाही. घराचे हाल आहेत. श्रावण चालू आहे, नैवेद्याला कुणी नाही. तिला समजावून मिळेल त्या गाडीने पाठवून दे. तू लहान आहेस, पण या वेळी तुझं ती ऐकेल.

पुंडलिक

जोहे
८ ऑगस्ट १९९८

दादा,
शेअर पोचले. पाचही कागद मोजून घेतले. भाव चांगलाच उतरलाय, आता विकून शेडचे सगळे पैसे उभे राहत नाहीत. गिरजाबाईंनी निम्मे आता आणि निम्मे पुढच्या वर्षी माघी गणपतीला चालतील असं सांगितलं. त्यांनी बयाणाही घेतला नाही. तुझी स्कूटर गेली याचं मला समाधान नाही. वाईटही वाटत नाही. ते कधीतरी वाटेल, तेव्हा कळवीन.

वहिनी इथेच आहे. आज सहा दिवस ती माझ्या शेजारच्या पाटावर बसून पितांबराच्या किनारी रंगवतेय. पहिल्या दिवशी चार बिघडवल्या, काल एकही नाही. गिरजाबाईंनी आज तिला हजेरीचे पैसे दिले तेव्हा ती कितीतरी वेळ ते पदराला बांधत होती, गाठ बसेना.

तिला समजावून पाठवून दे, असं तू मला लिहितोस. ती काही माझ्याकडे आलेलं पार्सल नाही. तुझी दोन पत्रं आली, एकातही तिच्यासाठी एक ओळ नाही. मी तिला विचारलं, तर म्हणाली, लग्नाला एकोणीस वर्षं झाली, माझ्या नावाने त्यांनी कधी काही लिहिलंच नाही.

तेव्हा मला लिहू नकोस. तिला लिही. पाकिटावर सौ. रंभा पुंडलिक असं नाव घाल, पत्ता या कारखान्याचाच. ती फोडेल की नाही, मला माहीत नाही.

सगुणा