वरच्या पाड्यावर एक हिवाळा

बाबा,

मागच्या रविवारी मी वर जाऊन आले, आपल्या पाड्यावर. वैशाखऱ्याला एसटीतून उतरले आणि तुम्ही बियाण्याची गोणी डोक्यावर घेऊन चढायचात त्याच वाटेनं, तीनदा बसत, पाणी पीत चढले. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. माझी शाळेतली नोकरी यंदा संपली, मुलगा पुण्याला असतो, आणि शहापूरच्या दोन खोल्यांत मी एकटीच. वर लहानसं घर बांधावं, थोडी नाचणी, थोडी वरई करावी, चार कोंबड्या पाळाव्यात, असं मनात घेऊन गेले होते. कुणाला बोलले नाही. माणसं तिथून खाली येतात, वर राहायला कोण जातं?

आपल्या वेळी तेरा घरं होती, आता तिनांतच माणसं आहेत. दुपारचं ऊन डोक्यावर असूनही वारा असा झोंबत होता की पदर कानावरून काढवेना. मास्तरीणच मी, वही घेऊन गेले होते. झऱ्याला शिमग्यापर्यंत पाणी, पुढे खालच्या विहिरीवरून आणायचं. वीज आली आहे, पण वारा सुटला की जाते. फोन लागतो तो फक्त देवाच्या झाडाखाली. दवाखाना मुरबाडला, म्हणजे आधी तासभर डोंगर उतरायचा. लिहिता लिहिता हात थांबला. अशीच यादी मी एकदा तुमच्यासमोर बोटांवर मोजून दाखवली होती.

पौषातली ती सकाळ. तुम्ही चुलीपुढे बसला आहात, घोटा सुजून नारळाएवढा झालेला. अंगणात घसरून पडलात, दोन दिवस शेजारच्या काकीनं आंबील आणून पाजली, तिसऱ्या दिवशी मला निरोप आला. मी दारातूनच ओरडते, "थंडीत मरून पडला असतात तर कुणाला कळलंही नसतं!" तुम्ही लाकूड आत सारता, माझ्याकडे न बघता म्हणता, "मराया थंडीच लागते काय गो? नाचणी खळ्यावर रचलीय. आठ दिवस दे, झोडून घेतो. मग ने कुठं न्यायचं तिथं." मी आठ तास दिले नाहीत. चौघांनी तुम्हाला झोळीत घालून खाली उतरवलं. मुरबाडच्या डॉक्टरांनी पाय बांधला, आणि मी त्यांच्याशी बोलून बाहेर आले, तुम्हाला सांगितलं, "आता वर राहायचं नाही. डॉक्टरांनीच सांगितलंय."

शहापूरला तुमच्यासाठी मी लोकरीचा स्वेटर आणला होता. तुम्ही तो घडी घालून उशाशी ठेवलात. "इथं कसली थंडी?" एवढंच म्हणालात. गॅलरीतल्या खुर्चीत सकाळपासून बसायचात, जेवायला हाक मारली की उठायचात. कधी तक्रार केली नाहीत, आणि तेच मला सोसवत नसे. पुढच्याच भाद्रपदात गेलात. खळ्यावरची नाचणी रानडुकरांनी उधळली, हे काकीनं मला सांगितलं होतं. तुम्ही विचारायचात तेव्हा मी म्हणायचे, काकीनं झोडून ठेवली आहे.

बाबा, डॉक्टर तसं बोललेच नव्हते. ते म्हणाले होते, "महिनाभर आराम द्या, म्हातारा तुमच्यापेक्षा भरभर चढेल." पोर लहान होतं, शाळा होती, आणि दर थंडीत वरून काय निरोप येईल म्हणून धास्तावणं मला नको झालं होतं. मी माझी काळजी मिटवली, आणि तिला तुमची काळजी म्हटलं.

काकी अजून तिथंच आहे. कमरेत वाकली आहे, पण भाकरी तशीच पातळ थापते. मी वही वाचून दाखवली. तिनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "घर नको बांधू एवढ्यात. माझी मागली खोली रिकामी हाय. ही थंडी काढ, मग बोल. दुपारच्या उन्हात सगळ्यांनाच आवडतं हे."

"तुला एकटीला भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटते ना. पडले तर हाक कुणाला मारू? पोरगा कल्याणला बोलावतो. तिथं जाऊन करू काय? तू आलीस तर दोघी होऊ." मग म्हणाली, "पण माझ्यासाठी येत असशील तर नको येऊ. असं आलेलं माणूस पुढं रागावतं."

संध्याकाळी मुलाला फोनवर नुसतं सुचवून पाहिलं. तो म्हणाला, "आई, तिथं पडलीस तर कुणाला कळणार? मी हे होऊ देणार नाही." आवाजही माझाच, तेव्हाचा. मला राग आला नाही. तो घाबरला आहे, एवढंच ऐकू आलं. तुम्हालाही तेव्हा माझं तेवढंच ऐकू आलं असेल काय? म्हणून गप्प राहिलात?

काकीला मी होय म्हणून आले आहे. शनिवारी जाते, शिमगा होईपर्यंत राहीन. जमेल की नाही, माहीत नाही. दोन रजया बांधल्या, गुडघ्याचं तेल घेतलं, बॅटरी घेतली. हे पत्र पाठवायचं कुठं, वहीतच राहील ते. खरं तर आज मी मुलाला कळवायला बसले होते. पहिली ओळ काही केल्या सुचेना, म्हणून तुम्हाला लिहीत गेले. त्याला अजून सांगितलेलं नाही.