हवाली केलेली कामं

आई,

मागच्या आठवड्यात कसबा बावड्यात एका बाईंनी मला खोटं उत्तर दिलं आणि मी ते खरं समजून टिपून घेतलं. परतताना रिक्षात लक्षात आलं की हेच उत्तर मी पूर्वी तुझ्या तोंडून ऐकलेलं आहे. तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही, म्हणून लिहायला बसले. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुला उद्देशून एक ओळ कधी लिहिली नव्हती. भरून येऊन लिहिणं मला जमत नाही आणि तुलाही ते आवडलं नसतं.

काम काय ते आधी सांगते. राजारामपुरीत माझी एक जुनी विद्यार्थिनी आता म्हाताऱ्या माणसांची डॉक्टर आहे. तिच्याकडे परदेशातली एक प्रश्नावली आहे. साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाला घरी जाऊन ठरावीक प्रश्न विचारायचे आणि उत्तरांना गुण द्यायचे. माणूस आतून कमजोर होत चाललं असेल तर ते पडून हाड मोडण्याआधीच कळावं, हा हेतू. जे कमजोर ठरतील त्यांना ती दवाखान्यात बोलावून व्यायाम शिकवते, खाण्यापिण्याचं बघते. बाकीच्यांना बोलावत नाही, तेवढी जागा आणि माणसं तिच्याकडे नाहीत. हे प्रश्न जिथे न्यावेत तिथल्या माणसांच्या मापानं बेतून घ्यावे लागतात. ग्रीक बोलणाऱ्या म्हाताऱ्यांसाठीही तसं करावं लागलं, असं ती म्हणाली. आपल्या भागासाठी ते काम तिनं माझ्यावर टाकलं. जन्मभर इंग्रजी शिकवलं होतं, त्यामुळे मला वाटलं, भाषांतरच तर करायचंय.

भाषांतर झालं, पण उत्तरं भलतीच येऊ लागली. 'बाजारहाट स्वतः करता का?' असं एका आजोबांना विचारलं, तर म्हणाले, "दोन पोरं हायेत मला. मी कशाला पिशवी घिऊन हिंडू? लोकं काय म्हणतील पोरांना?" एका आजी अंघोळीला मदत घेतात असं निघालं. सून पाणी काढून देते, पाठ घासते. प्रश्नावलीच्या हिशेबानं त्या पार परावलंबी. मी गेले तेव्हा त्या डोक्यावरचा वैरणीचा भारा दारात टाकत होत्या. "स्वतःची स्वतः अंघोळ जमत नाही का?" असं मी विचारलं. "न जमाया काय झालं? पर सून आसताना मी का घिऊ? तिला मग गल्लीत त्वांड दावाया जागा ऱ्हाईल का?" असं म्हणून त्या हसायलाच लागल्या. आपल्याकडे मदत घेणं हा मान असतो, ती कमजोरी नसते. मी डॉक्टरला तसं सांगितलं आणि सगळे प्रश्न फिरवले. मदत घेता का असं विचारायचंच नाही, घरात कुणी नसेल तर जमेल का, असं विचारायचं. ही दुरुस्ती मला अगदी चोख वाटली होती.

मग बावड्यातल्या त्या बाई. यजमान साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, मुलगा नोकरीवर, सून घरी. बाई खाटेवर बसून उत्तरं देत होत्या, सून शेजारी उभी. घरात कुणी नसेल तर स्वयंपाक जमेल? "जमंल की." पाणी भरणं? "भरीन की. त्यात काय हाय?" जिना चढणं? "पळत जाईन." सगळे गुण चांगले पडले. म्हणजे यांना दवाखान्यात बोलावण्याचं कारण उरलं नाही. निघताना कुंकू लावायची वेळ आली, तशा त्या सुनेला म्हणाल्या, "तूच लाव. आता घर तुझं हाय." आणि खाटेची कड घट्ट धरून बसून राहिल्या. सून मला दारापर्यंत पोचवायला आली. म्हणाली, "लई मोठ्या मनाच्या हायेत बघा आमच्या आत्ती. दिवाळीपास्नं एकेक करून समदं माझ्या हवाली केलंय. माझ्या भनीची सासू तर अजून तिला चुलीम्होरं बसू देत न्हाई."

रिक्षात बसले आणि तू दिसलीस, आई. मी वारणानगरच्या शाळेत शिकवत होते आणि रविवारी घरी यायचे ती वर्षं. तू आधी म्हशीची धार वहिनीला दिलीस. 'म्हस आता तुझ्या हाताला लागलीया, तूच काढत जा.' मग भाकऱ्या. तू चुलीपासून जरा लांब, भिंतीला पाठ लावून बसली आहेस आणि वहिनीच्या परातीकडे बघत मला सांगते आहेस, 'हिची भाकरी बघ, कशी पातळ हुतीया. मला आयुष्यात जमली न्हाई अशी.' वहिनीचा चेहरा उजळलेला. तुझ्या भाकरीसाठी शेजारच्या बायका आपापलं कोरड्यास, भाजी घेऊन यायच्या, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. त्यानंतर फळीवरचे डबे, मग देवपूजा. गल्लीत सगळ्या म्हणायच्या, सासू असावी तर अशी. एकदा मी कट्ट्यावरची घागर तुझ्याआधी उचलायला गेले, तर कडाडलीस. 'ठेव खाली. पावणी हायस, पावणीवानी बस.' पण घागर तूही उचलली नाहीस. तिथेच राहू दिलीस आणि वहिनीला हाक मारलीस.

सगळे शेतावर गेलेले असताना म्हैस सावलीत बांधायला तू गोठ्यात गेलीस आणि पडलीस. त्यानंतर खाटेवरून उठली नाहीस. डॉक्टर म्हणाले होते, यांची ताकद बरीच आधी गेलेली असणार, तुमच्या लक्षात कसं आलं नाही? दादा त्यांच्यावर चिडला होता. लक्षात कसं येणार? जे हातून सुटत होतं ते तू दान केल्यासारखं देत होतीस. जमत नाही म्हटलं की माणूस कोपऱ्यात बसवलं जातं आणि 'घे, आता तू कर' म्हटलं की शेवटपर्यंत मालकीण राहतं. हे तुला पक्कं ठाऊक होतं. मी यात तुला दोष देत नाही. थोडासा राग आहे, तो असू दे.

बावड्याहून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी राजारामपुरीत जाऊन थडकले. एक प्रश्न वाढवायचा आहे म्हटलं. डॉक्टर कपाळाला हात लावून म्हणाली, "बाई, प्रश्न असे मनानं वाढवता येत नाहीत. मूळ चौकट तीच ठेवावी लागते. पुन्हा सगळी तपासणी करायची झाली तर वेळ केवढा जाईल." मी म्हटलं, "जाऊ दे. चौकट नीट बसली आणि माणूस पडलं तर तुझी चौकट काय कामाची?" ती हसली. "शाळेतही तुम्ही अश्शाच होता." मग म्हणाली की तूर्त हा प्रश्न गुणांत धरायचा नाही, पण प्रत्येकाला विचारायचा आणि काय निघतं ते बघायचं. प्रश्न साधा आहे. गेल्या वर्षभरात घरातलं कुठलं काम तुम्ही दुसऱ्याच्या हवाली केलं आणि त्यात सगळ्यात आधी कुठलं? तो घरातल्या माणसांसमोर विचारायचा नाही, एवढी अट मी घातली.

सून मुलाला शाळेतून आणायला जाते ती वेळ साधून मी परत बावड्याला गेले. बाईंनी भाकरी, पूजा, लोणच्याची बरणी अशी यादी अभिमानानं सांगितली. "आणि सगळ्यात आधी?" रस्त्यावर कुणाची तरी मोटरसायकल सुरू होत नव्हती, तिकडे त्या बघत बसल्या. मग म्हणाल्या, "पाणी. हंडा उचलंना झाला. दोनदा मोरीत बसले मटकन. सुनंला बोलू नगा हं." मी म्हटलं, बोलणार नाही, पण दवाखान्यात यायचं. "घरात काय सांगू? मी चांगली हाय म्हणून तुम्हीच लिवून नेलंय." मी म्हटलं, "सांगा, मास्तरीणबाईंना दवाखान्यात जायचंय, सोबतीला कुणी नाही, म्हणून जातेय." त्यांनी माझ्याकडे नीट निरखून बघितलं. "व्हय, तुमच्या तब्येतीकडं बघून पटंल कुणालाबी. तेवढं यीन की तुमच्यासाठी." गुरुवारपासून आम्ही दोघी जातो. त्या खुर्चीला धरून उठबस करतात आणि सुनेला घरी जाऊन सांगतात की मास्तरीणबाईंचं काही खरं नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं लिहून थांबते. नवा प्रश्न लोकांना विचारण्याआधी स्वतःवर करून बघायची माझी पद्धत आहे. त्याचं उत्तर डॉक्टरला अजून दाखवलेलं नाही, ते इथे लिहिते. गेल्या वर्षभरात स्कूटर सुनेला दिली, तिला ऑफिसला बरी पडते म्हणून. माडीवरची खोली नातवाला दिली, अभ्यासाला शांत आहे म्हणून. सकाळी कोपऱ्यावरून दूध आणणं ह्यांच्याकडे दिलं, त्यांना तेवढंच चालणं होतं म्हणून. सगळ्यात आधी माडीवरची खोली. घरात सगळे खूश आहेत.